स्वयंपाकघरात कोणी नाही

शेगडीच्या बटणात मसुराएवढी काळी काच होती, आणि खुर्चीत बसल्यापासून ती आपल्याकडेच बघते आहे असं वेंडेलला वाटत होतं. खरं तर ती त्यानंच बसवली होती. तिला माणूस दिसत नाही, फक्त हालचाल कळते. वाफेला ती भुलत नाही. सात मिनिटं स्वयंपाकघरात काहीच हललं नाही की बटण आपोआप फिरून शेगडी बंद करतं – विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी... म्हणजे एकाच म्हाताऱ्यासाठी, त्याच्या बापासाठी, ज्यानं दोन किटल्यांचा कोळसा केला होता आणि तिसरीचं खापर शेजाऱ्यांच्या मांजरावर फोडलं होतं.

"तुझी आई मला तुझ्या स्वाधीन करून गेली," बाप, रेइनो, म्हणायचा, "आणि तू मला बटणाच्या स्वाधीन करतोयस. उद्या बटणही कंटाळलं, की मग कोण रे?"

सकाळी कोलीनचा फोन आला होता. धंद्यातली भागीदार, मनानं वाईट नाही.

"राग मानू नकोस, पण तुझ्या वडिलांची ती नोंद... नऊ बाराची. शुक्रवारी गिऱ्हाइकांना तीच दाखवूया. माणूस गेला, पण घर वाचलं. याहून मोठा पुरावा आणायचा कुठून?"

"बाबा म्हणजे पुरावा नाहीत, कोलीन."

"नाहीत रे. पण बटणानं काम चोख केलं, एवढं तरी खरं ना?"

चोखच केलं होतं. बटणाच्या नोंदीत लिहिलं होतं: नऊ वाजून बारा मिनिटांनी शेगडी बंद – स्वयंपाकघरात कोणी नाही. डॉक्टर नुसतं 'सकाळी कधीतरी' म्हणाले होते. मिनिट वेंडेलनं स्वतः ठरवलं, आणि गेले पाच महिने त्या मिनिटाच्या आधारावर त्याला झोप लागत होती. कारण दहाला येतो, केस कापायला नेतो, असं त्यानं कबूल केलं होतं, आणि तो पोचला दोनला... वर्कशॉपमध्ये बटण राखाडी असावं की काळं यावर वाद चालला होता. पण बाबा नऊ बारालाच गेले असतील तर दहा काय नि दोन काय. मी वेळेवर आलो असतो तरी – नाही, काहीच करता आलं नसतं.

नोंद पाठवण्याआधी एकदा तपासून बघावं, म्हणून तो आज बापाच्या घरी आला, किटली चढवली आणि त्या दिवशी बाप ज्या खुर्चीत मेलेला सापडला होता, तिच्यातच बसला. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं, की ही चाचणी कधी झालीच नव्हती. बटण शेकडो वेळा तपासलं होतं, पण दर वेळी खोलीबाहेर जाऊन. आत बसून कोणी पाहिलं नव्हतं, कारण वर्कशॉपमधल्या कोणाला सात मिनिटं स्वस्थ बसताच यायचं नाही. बापाला यायचं. हात मांडीवर ठेवून, गोठलेल्या सरोवराकडे बघत, तासन्‌तास... लहानपणी वेंडेल घाबरून त्याच्या नाकाखाली बोट धरायचा, आणि बाप मान न वळवता म्हणायचा, "आहे अजून."

किटली उकळत होती. वेंडेल हलला नाही. स्वतःचा श्वास त्याला ऐकू येत होता, मनगटात नाडी उडत होती, कॉलर मानेला टोचत होती.

टक्.

ज्योत विझली आणि पाण्याचा आवाज हळूहळू बसत गेला. खोलीत कोणी नाही, असं बटणानं ठरवलं होतं. आणि तो तर धडधडीत जिवंत बसला होता, डोळे उघडे ठेवून, सगळं ऐकत... मग बाबांनीही ऐकलं असेल. ज्योत विझताना पाहिली असेल, पण उठता आलं नसेल. साडेनऊला ते असतील. दहाला असतील, दाराकडे कान लावून. सव्वादहाला मनाशी म्हणाले असतील, येईल, रस्त्यावर बर्फ असेल. अकराला काय म्हणाले असतील?

वेंडेलला भीती वाटली, आणि ती मेलेल्या माणसाची नव्हती.

टेबलावरचा फोन वाजू लागला. कोलीनच असणार. हात लांब करायचा, एवढंच काम होतं. पण त्याच्या मनातलं घड्याळ आता कुठं साडेअकरापर्यंत आलं होतं, आणि दोन वाजायच्या आत इथून उठणं त्याला शक्य नव्हतं.