कोपऱ्यातलं पाणमांजर

"काका, राणीसाहेब आल्या की कापड ओढायचं, वाकायचं आणि दोन पावलं मागे. बोलायचं काही नाही," संस्थेच्या सचिवबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. "आणि एक विचारू? एवढं मोठं चित्र, आणि पाणमांजर पार कोपऱ्यात? बाकी नुसतं पाणीच."

"त्याची जागाच ती," चित्रकार म्हणाला.

खरं कारण सांगायला त्याची जीभ रेटेना. चाळीस वर्षं त्यानं वाघापासून खारीपर्यंत जनावरं रंगवली, पण डोळ्यातला पांढरा ठिपका कायम बायकोचा. लग्नानंतर एकदा तिनं गंमत म्हणून तो टेकवला आणि कोल्हा टकामका बघायलाच लागला. तेव्हापासून तो तिचा हक्क झाला. "तुम्ही नुसते केस विंचरता जनावरांचे, जीव मी घालते," असं ती चारचौघांत मिरवायची.

राणीसाहेबांच्या नदी वाचवण्याच्या कामासाठी हे चित्र द्यायचं ठरलं, तेव्हा तिनं अंथरूण धरलं होतं. "तुमचं होईस्तोवर मी कुठली राहते? आणा इकडे, आधीच देऊन ठेवते." तपकिरी रंगाचं अस्तर दिलेला कोरा कॅनव्हास त्यानं पलंगाशी धरला. तिचा हात घसरला आणि ठिपका पार खाली, उजव्या कोपऱ्यात पडला. "चुकलं हो," म्हणून ती हसली. पुढच्याच आठवड्यात ती गेली. त्या ठिपक्याभोवती त्यानं डोळा काढला, डोळ्याभोवती पाणमांजर, आणि उरलेल्या जागेत पाणी. सात महिने लागले.

आणि आता ते देऊन टाकायचं. शब्द दिलेला होता, तो मोडायचा त्याचा स्वभाव नव्हता.

वक्त्यांनी नमनालाच घडाभर तेल घातलं. शेवटी राणीसाहेब पुढे आल्या. त्यानं कापड ओढलं, वाकला, पण मागे सरायचं राहूनच गेलं. राणीसाहेब खाली वाकून कोपऱ्यात बघत होत्या.

"डोळा किती जिवंत आहे हो!"

"त्यातला ठिपका आमच्या हिनं दिलाय," तो बोलून गेला. सचिवबाईंनी डोळे वटारले.

"अरे वा! आल्यात का त्या?"

एवढ्या माणसांत खरं सांगणं त्याच्या जिवावर आलं. "नाही. घरी असते ती."

"मग सांगा त्यांना, मला डोळाच सगळ्यात आवडला. नक्की सांगा हं!"

"सांगतो."

दोघा माणसांनी चित्र उचललं. दाराशी ते आडवं करताना पाणमांजराचं तोंड क्षणभर त्याच्याकडे झालं, मग दार लागलं. चहाला न थांबता तो निघाला.

घराचं कुलूप त्यानं काढलं. आतल्या खोलीत पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. बूट न काढताच तो उंबऱ्याशी थांबला.

"राणीसाहेबांना तुझा ठिपका आवडला," तो म्हणाला. "नक्की सांगा म्हणाल्या."

आणखी काही सांगायचं राहिलंय का, ते आठवत तो तिथेच उभा राहिला.