डावीकडे वळलं की

भाविका दुसऱ्यांदा त्याच पोकलेनपाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. गेल्या आठवड्यात तिनेच इथे येऊन इंजिनाचा एक सेन्सर बदलला होता. मशीन सुरू करून दाखवलं होतं आणि "आता टेन्शन नाही" म्हणून ती तुर्भ्याच्या वर्कशॉपला परतली होती. मशीन जेमतेम दुपारपर्यंत चाललं. मग पुन्हा तेच दुखणं. पिवळा दिवा लागायचा, इंजिनाचा जोर एकदम उतरायचा आणि बादली चिखलात रुतून बसायची.

जागा होती खाडीकाठच्या कोळीवाड्याची. गाळ साचून साचून होड्यांची वाट बुजली होती. भरतीला थोडं पाणी यायचं, पण गाळाच्या उंचवट्याला अडून परत फिरायचं. होड्या काठावर नुसत्या पडून होत्या. ओहोटीला पाणी हटलं की तेवढ्या वेळात गाळ उपसायचा, असं काम होतं, आणि ते या एका मशीनवर अडलं होतं.

"मॅडम, मी ट्रेलर मागवतो," कामावरचा सुपरवायझर रूपेश म्हणाला. "मशीन वर्कशॉपला न्या, आरामात बघा. इथे रोज लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

"वर्कशॉपला ते बिघडणारच नाही," भाविका म्हणाली. "बिघडतंय ते इथे, काम करताना. आजची ओहोटी मला द्या. नाही जमलं तर ट्रेलर मागवा."

रूपेशने खाडीकडे पाहिलं, मान हलवली आणि फोन खिशात ठेवला.

काठावर सुकत घातलेल्या जाळ्याशी धोंडूबाई बसली होती. तिच्या घरच्या दोन होड्या अडकल्या होत्या. ती भाविकाकडे बघत म्हणाली, "पोरी, मागं आलतीस तवा तो डब्बा लावून बघलास, आनि गेलीस. मशीन चालवनाऱ्याला काय इचारलास का?"

डब्बा म्हणजे भाविकाचा लॅपटॉप. त्यावर बिघाडाचा कोड आला होता, डिझेलच्या दाबाचा सेन्सर, आणि तिने तो मुकाट बदलला होता. ऑपरेटरशी ती चहापुरतंही बोलली नव्हती.

सिताराम ऑपरेटर मशीनच्या सावलीत बसला होता. साताऱ्याकडचा माणूस, निम्मं आयुष्य असल्या मशीनवर गेलेलं. "मशीन हाणतो म्हणून बिघडतंय" असं साइटवर कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हापासून तो कुणाशी फारसं बोलत नव्हता.

"काका," भाविका त्याच्यासमोर उकिडवी बसली, "मागच्या वेळी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. नेमकं कधी होतं हे?"

त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "डावीकडं वळलं की. बादली भरल्याली पायजे आन् वळताना हिसका बसाय पायजे. मोकळ्या बादलीला काय हूत न्हाई."

"तसंच करून दाखवाल?"

ती कॅबिनमध्ये त्याच्या मागे अवघडून बसली, लॅपटॉप मांडीवर. सितारामने बादली गाळात खुपसली, भरून उचलली आणि मशीन डावीकडे फिरवलं. हिसका बसला. पिवळा दिवा लागला. भाविकाची नजर पडद्यावर होती. डिझेलचा दाब एकदम खाली आला होता. पण त्याच क्षणी ऑइलचा दाबही पडला होता आणि हवेचाही.

"काका, थांबवा," ती म्हणाली. "एका घरातल्या तिघांना एकाच वेळी जुलाब झाले तर तुम्ही काय म्हणाल?"

"पानी खराब हाय म्हनंन."

"तेच. तिन्ही सेन्सरना एकाच तारेतून वीज जाते. सेन्सर चांगले आहेत, तार कुठेतरी लोखंडाला टेकतेय."

इंजिन बंद करून, नुसती चावी फिरवलेली ठेवून तिने त्या तारेला मीटर लावला. पाच व्होल्ट, अगदी स्थिर. मग एक हात इंजिनाच्या बाजूने खाली घालून ती तारांचा जुडगा इंच इंच हलवत गेली. सिताराम मीटर धरून आकडा सांगत होता. "पाच. पाच. पाचच हाय." मग त्याचा आवाज बदलला. "पडला. पार खाली पडला."

तिने हात तिथेच धरून ठेवला. इंजिनाच्या मागच्या अंगाला जुडगा धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. हिसका बसला की जुडगा सरकून एका पट्टीच्या धारेवर घासत होता. घासून घासून एका तारेचं वरचं कवच गेलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं.

तार सांधून, वर कवच चढवून, नवी क्लिप घालून होईपर्यंत तिच्या कोपरापर्यंत काळं लागलं होतं. वर्कशॉपच्या इंद्रजित सरांना तिने तिथूनच फोन केला. "सर, मागचा सेन्सर चांगला होता. मी उगाच बदलला."

"आणि आता काय सापडलं?"

तिने सगळं सांगितलं. सरांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भरल्या बादलीने डावीकडे फिरवून बघितलंस का?"

"आता बघते."

सितारामने बादली भरली, आणि मुद्दाम जोरात फिरवली. दिवा लागला नाही. पुन्हा फिरवली. मग तो थांबलाच नाही. चिखलाचे ढीग काठावर पडत राहिले आणि मशीनचा आवाज एकसारखा चालू राहिला. रूपेश बाजूला येऊन बघत उभा राहिला.

भाविकाला कामोठ्याला घरी जाता आलं असतं. पण मागच्या वेळची आठवण ताजी होती. ती धोंडूबाईजवळ जाळ्याच्या कडेला बसून राहिली. भरती चढायला लागली तसं सितारामने मशीन मागे घेतलं. पाणी आलं, गाळाच्या उंचवट्याशी थबकलं आणि मग नव्याने खोदलेल्या चरातून चिंचोळं, गढूळ, पुढे सरकलं. सगळी वाट मोकळी व्हायला अजून बऱ्याच ओहोट्या लागणार होत्या.

धोंडूबाई उठली, पदर खोचला आणि घराकडे तोंड करून मुलाला हाक मारली. "कल्पेश, होरी उलथी कर रं. भेगा बघून घे. डांबर लावायला लागल."

मग भाविकाकडे वळून म्हणाली, "तू चल घरा. हात धू, नि जेवून जा."