पाय धुवायचं पाणी

नळ वाहता ठेवून गप्पा मारणाऱ्या सुना पाहिल्या की माझं डोकं तडकतं, आणि सोनईजवळची आमची वाडी आठवते.

स्वराज्य आल्यानंतरचा पहिला उन्हाळा. वाडीत सगळी ख्रिस्ती घरं. गावच्या विहिरीला आम्हाला शिवू देत नसत. कोरड्या ओढ्यात खणलेल्या झिऱ्यातून बायका वाटीवाटीने पाणी भरत. एका हंड्याला निम्मी सकाळ जायची. तरी ती सकाळ मला अजून हवीशी वाटते. ओली वाळू, बायकांची थट्टा, देवळातली, म्हणजे चर्चमधली, गाणी, मध्येच कडाक्याचं भांडण आणि पुन्हा गाणी.

त्या वर्षी गावच्या पंचायतीत वाडीचा एक माणूस जायचा होता. वाडीला स्वतःची विहीर मिळाली तर त्याच्यामुळेच मिळणार होती. माणूस कोण, ते ईस्टरनंतरच्या सोमवारी मंडळीच्या सभेत हात वर करून ठरायचं होतं. आमच्या देवळात बायकांचेही हात मोजत.

उभे दोघे. एक सूर्यभानबापू. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते नुसते खोकायचे, पण झिऱ्याची कड ढासळली की कुदळ घेऊन पहिले तेच उतरायचे. दुसरा माझा सख्खा मामा, काकासाहेब. नगरला कचेरीत कारकून, अंगात पाटलोण, जिभेवर सरस्वती. आजी-आजोबा प्लेगात गेल्यावर त्यानेच माझ्या आईला, लंकाबाईला, वाढवलं, तिचं लग्न लावलं. आईचा हात कुणासाठी वर होणार, हे विचारायचं कारणच नव्हतं.

सणाआधीच्या गुरुवारी पाळकांनी उपदेश केला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा पुढारी व्हायचं त्याने आधी सेवक व्हावं, असं ते म्हणाले. मामाने ते मनावर घेतलं, नको इतकं घेतलं. शनिवारी आई सरपणाला गेली असताना त्याने आमच्या ओट्यावर पाट मांडला, वाडीतली म्हातारी माणसं बोलावली आणि कमरेला पंचा बांधून एकेकाचे पाय धुवायला बसला. ढोंग नव्हतं हो त्यात. श्रीमंतबाबांचे भेगाळलेले पाय धुताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि बघणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते.

सूर्यभानबापूंनी मात्र पाय आखडून घेतले. "नगं, काकासाहेब. ह्ये प्यायचं पानी हाय."

"बापू, प्रभू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही आधी नकोच म्हणाला होता!" मामा म्हणाला, आणि सगळी वाडी हसली.

आई परतली तेव्हा तिन्ही हंडे रिकामे होते आणि ओट्याखालच्या चिखलात कोंबड्या खेळत होत्या. ती हंडा उचलून भर उन्हात पुन्हा ओढ्याकडे गेली.

सोमवारी पाळकांनी आधी मामाचं नाव घेतलं. भराभर हात वर झाले. आईचे दोन्ही हात मांडीवरच. मामा तिच्याकडे बघतच राहिला. मग ती उठली.

"दादा, तू मला ल्हानाची मोठी केलीस. तुझ्यासाठी जीव दीन. पन माझ्या हंड्यात पानी कुठनं येतं, ह्ये तू इचारलं न्हाईस. वाडीचं काय इचारशील?"

एवढं बोलून ती रडायला लागली, पण हात काही वर गेला नाही. वर गेलेले हात मात्र खाली येऊ लागले, बायकांचे आधी.

सूर्यभानबापू निवडून आले आणि मामा न जेवता निघून गेला. आईने चूल पेटवली नाही. मला तिचा भयंकर राग आला होता. थोरल्या भावाला चारचौघांत असं पाडतात का?

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर मामा दारात उभा. खांद्यावर हंडा, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय वाळूने माखलेले, बोटं सोललेली. पहाटेपासून बायकांच्या मागे पाळी धरून बसला होता.

"लंके, योकच भरला," तो म्हणाला. "लई येळ लागतो गं."

आईने हंडा उतरवून घेतला. मामाला पाटावर बसवलं आणि त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी घेऊन त्याचे पाय धुवायला लागली.

मामा पाय ओढून घेत होता. "अगं, प्यायचं हाय त्ये."

"म्हाईत हाय," आई म्हणाली, आणि तिने पाय सोडला नाही.