रविवारची फेरी

मित्रांनो, अमेरिकेतल्या आयसेलिनमध्ये साड्यांच्या दुकानांसमोरून खडखडत जाणारी पांढरी व्हॅन म्हणजे मी. कारखान्यात इतर गाड्यांना वेग मिळाला, मला खाली उतरणारी पायरी आणि धरायला दांडे मिळाले. वृद्धांना मी सरकारी खर्चाने दवाखान्यात नेते. नवी होते तेव्हा माझे फोटो निघाले. पुढे सीट उसवल्या, तरी कुणी लक्ष देईना.

त्र्यंबककाका माझे जुने प्रवासी. नजर अधू झाल्याने त्यांचं ड्रायव्हिंग सुटलं होतं. त्यांची बायको मालिनीकाकू अर्धांगवायूमुळे नर्सिंग होममध्ये, म्हणजे कायमच्या शुश्रूषागृहात, मुलगा दूर सांता क्लाराला. पण मला परवानगी फक्त डॉक्टरकडे जाण्याची.

"बायकोला भेटणं हा काही आजार नाही ना!" काका हसून म्हणायचे. माझी ड्रायव्हर प्रीता तरी मला दवाखान्याकडेच वळवायची.

मग प्रस्ताव आला. वृद्धांना त्यांच्या माणसांकडे नेण्यासाठी मला रविवारीही सोडावं. त्यावर गावाची सभा भरली. काका आणि त्यांचा शेजारी गिरीश एकाच गाडीतून आले. काका बाजूने बोलले, गिरीश विरोधात. सभा संपल्यावर दोघं पार्किंगमध्ये माझ्याजवळ थांबले.

"काका, रागावू नका. इतकी वर्षं टॅक्स भरतोय, ग्रीन कार्डचा पत्ता नाही. उद्या जॉब गेला तर मला बॅगा भराव्या लागतील. आणि इथे एकेक गोष्ट फ्री करत सुटलेत!"

"तुझं खोटं नाही रे."

"मी नेतो ना तुम्हाला दर रविवारी!"

"नेशील, माहीत आहे. पण तुझी मुलं लहान आहेत. तिसऱ्या रविवारी मला तुझी बेल वाजवायला संकोच वाटेल." काकांनी माझ्या दारावर हात ठेवला. "हिच्यापुढे संकोच वाटत नाही."

गिरीशने काकांसाठी आपल्या गाडीचं दार उघडलं.

पुढच्या बैठकीत प्रस्ताव जेमतेम मंजूर झाला, तोही एका वर्षापुरता. पहिल्या रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, डब्यात शिरा घेऊन आले. नर्सिंग होमच्या काचेआड काकू व्हीलचेअरवर होत्या. काका उतरताना दिसले, तशा त्या चालत्या डाव्या हाताने केस सारखे करू लागल्या.

गिरीशचं मत अजून बदललेलं नाही. मित्रांनो, तुम्हीही मोठे झालात की माझ्यावरून खुशाल वाद घाला. फक्त मी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही, असं समजू नका. माझे ब्रेक वेळेवर तपासा. आणि निकाल देण्याआधी एकदा माझ्यात बसून या. पलीकडे कोण वाट पाहतंय, ते बघा.