भागोजी आणि मंडळी

भागोजीच्या घरचा खेळ म्हणजे नेमकं काय, हे समजावून सांगायला बसलं तर सांगणाऱ्याची जीभ दमेल. नाटक म्हणावं तर त्यात गोष्ट नाही. जाखडीचा नाच म्हणावा तर कुणाच्या पायात चाळ नाहीत. भागोजी पेटी वाजवतो आणि मधेमधे चुटके सांगतो. त्याचा धाकटा भाऊ विठू ढोलकीवर असतो, आणि ढोलकी खाली ठेवली की तो लोकांच्या कानातून अंडी काढतो. पोरगी सखू परातीच्या काठावर उभी राहून डोक्यावर तांबे रचते. आणि भागोजीची बायको मैना आवाज काढते. हातखंब्याच्या चढावर धापा टाकणारी येष्टी, बंदरावरचा मासळीचा लिलाव, जावाजावांचं भांडण, कवडा, कोकीळ, म्हातारा बोका, सगळं त्या एका गळ्यात. लोक यायचे ते तिच्यासाठी. हे भागोजीला पक्कं ठाऊक होतं, कबूल करायची गोष्ट वेगळी.

मैनेला एकच हवं होतं. बोर्डावर आपलं नाव.

भागोजी म्हणायचा, बाईचं नाव बोर्डावर चढलं की लोकांना तमाशा वाटतो आणि बायकापोरं घरीच राहतात. हे आपलं सांगायला. खरं म्हणजे लग्न झाल्यापासून या गड्याने बायकोचं नाव चारचौघांत एकदाही घेतलं नव्हतं. घरात नुसतं 'गो' आणि बाहेर 'आमची मंडळी'. 'मंडळी' हा शब्द तो मुंबईला गिरणीतल्या कारकुनांकडून शिकला होता. गिरणी बंद पडली, भागोजी गावी आला, आणि ट्रंकेबरोबर तो शब्दही घेऊन आला.

बोर्डाने त्यांना आधीही एकदा दगा दिला होता. गेल्या वर्षी नाटे गावातल्या खेळाला विठूने मोठ्या हौसेने लिहवून घेतलं, 'सुखी कुटुंबाचा कार्यक्रम'. रंगाऱ्यानेही डोकं चालवलं. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी अशी चार तोंडं काढली आणि तंबू म्हणून खाली लाल त्रिकोण रंगवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुटुंबनियोजनवाले आले असं समजून गावातले यच्चयावत पुरुष होड्या काढून समुद्रावर पळाले. पुढ्यात उरल्या त्या बायका, त्याही तपासणीला आल्यासारख्या अंग चोरून बसलेल्या. मैनेने भांडणाऱ्या जावा काढल्या तेव्हा कुठे त्या मोकळ्या हसल्या, आणि मग उठायचं नावच घेईनात.

यंदा तर साक्षात रत्नागिरी. वरच्या आळीचा माघी गणपती. मंडळाचे सेक्रेटरी गंगाराम मास्तर स्पष्ट म्हणाले, "इथे जमलं तर दरसाल खेळ तुमचाच. नाही जमलं तर पुन्हा विचारू नका. आता लिहायचं काय ते सांगा. बाबू पेंटर खोळंबलाय."

"ऑर्केस्ट्रा लिहू?" बाबूने विचारलं.

"एका पेटीचा ऑर्केस्ट्रा? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मास्तर म्हणाले.

"मग सर्कस लिवा," विठू म्हणाला.

"आणि वाघ कुठून आणणार?"

"वैनी काढील की वाघाचा आवाज."

"विविध गुणदर्शन चालेल?" बाबूने आणखी एक खडा टाकून बघितला.

"ते पोरांच्या गॅदरिंगला. लोक आपापली पोरं शोधत बसतील."

मैना इतका वेळ तांबे पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, "मैनेचा खेळ लिवा. गावोगाव लोक तसाच इचारतात."

बाबूचा ब्रश डब्यातच राहिला. सगळे भागोजीकडे बघायला लागले. भागोजीने घसा खाकरला आणि म्हणाला, "'भागोजी आणि मंडळी' लिवा. मंडळीत सगळी आली."

"मंडळी म्हंजे कोण वो?" मैनेने विचारलं. "काल चायवाल्याला सांगत होतात, आमची मंडळी मासळी आणायला गेलीय. ती मी एकटीच होते."

बाबूला हसू आवरेना. भागोजी चिडला. "उगाच शब्दात पकडू नको गो."

"नाय पकडत. लिवा. बगू कोण कोण येतंय," असं म्हणून मैना पुन्हा तांब्यांकडे वळली. ती रुसली वगैरे नव्हती. जिच्या गळ्यात आख्खी येष्टी आहे ती बाई रुसून कशाला बसेल.

दिवेलागणीला मांडवात माणसं आली खरी, पण आली कोण? आळीतले सगळे म्हातारे, आणि हातात टाळ. 'मंडळी' वाचून त्यांनी धरलं की भजनी मंडळी आहे. त्यांच्यातल्या यमुनाबाई जपमाळ घेऊन पहिल्या रांगेत बसल्या आणि अभंग कधी सुरू होणार म्हणून विचारायला लागल्या. तरणी पोरं कोपऱ्यावरूनच बोर्ड वाचून मागे फिरली. शेजारच्या आळीत व्हिडिओ लावला होता, त्यांचे पाय तिकडे वळले.

मास्तर पडद्यामागे आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "भागोजी, मागचा मांडव रिकामा आहे. अभंग येतात का एखाद-दोन?"

भागोजीची बोटं पेटीवर नुसतीच फिरत राहिली. मैनेने माईक उचलला.

आधी स्टार्टर. घर्र, घर्र, आणि बंद. पुन्हा घर्र घर्र, आणि एकदाची गाडी धरली. कंडक्टरची डबल बेल. मागून पाटी सांभाळत धावणारी मासळीवाली, "अरे थांबव मेल्या, सुरमई हाय पाटीत." भोंगा रस्त्याच्या तोंडाला बांधलेला. आळीत खरोखरच येष्टी घुसली असं वाटून रस्त्यातली माणसं बाजूला झाली, आणि बघतात तर गाडीच नाही. व्हिडिओकडे निघालेली पोरं थबकली. गर्दीतून कोणी नाटे गावची बाई मोठ्याने म्हणाली, "ही तर मैना. आमच्याकडे आलेली ती."

मग काय विचारता. 'मैना, मैना' करत लोक आत घुसले. मांडव भरला, पोरं कठड्यावर चढली. यमुनाबाईंनी जपमाळ पिशवीत टाकली.

"आता तरी धड ओळख करून द्या," मास्तर भागोजीला म्हणाले. "या खेळाला म्हणायचं काय, ते एकदाचं सांगून टाका."

भागोजी माईकपाशी गेला. समोर बोर्डावर त्याचंच नाव, हे एवढं मोठं. आख्ख्या मांडवाच्या तोंडी बायकोचं नाव होतं, नव्हतं ते फक्त त्याच्या. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"रत्नागिरीकरांनो," तो म्हणाला, "बोर्डावर चूक झालीय. हा मैनेचा खेळ." नाव तोंडातून गेलं आणि त्याचं त्यालाच हलकं वाटलं. "ढोलकीवर विठू. तांबेवाली सखू. आणि पेटीवर मी भागोजी. मैनेची मंडळी."

आधी यमुनाबाई हसल्या, मग सगळा मांडव. म्हाताऱ्यांनी आणलेले टाळ हौसेने वाजवून घेतले.

आता मैनेने सुरू करायचं. ती माईकसमोर उभी राहिली, तोंड उघडलं, पण येष्टी नाही, कोकीळ नाही, साधा बोकासुद्धा निघेना. डोळे मात्र भरून आले होते. शेवटी सखूने मागून चिमटा काढला, तेव्हा कुठे गाडी सुटली.