कोऱ्या लॅपटॉपचे दोष

आमच्या घरात संशय घ्यायचं खातं माझ्याकडे आहे. दूधवाल्याच्या मापावर माझा डोळा असतो, पाहुण्यांनी खोली सोडली की मी टॉवेल मोजते, आणि फोनवर कुणी फार गोड बोलायला लागलं की सरळ फोन ठेवते. माधवराव, म्हणजे आमचे हे, मला चौकीदार म्हणतात. म्हणोत बापडे. पण या खेपेला संशय त्यांनी घेतला, आणि तोही भलत्याच माणसावर.

लोणावळ्यात आमच्या बंगल्याच्या खालच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. त्यांची बुकिंगं, बिलं, ओळखपत्रं हे सगळं कोमल बघायची. उर्से गावची मुलगी, बी.कॉम. झालेली, कामाला चोख. तिचे वडील महिपतीभाऊ तिला एवढ्या लांब धाडायला तयार नव्हते. मी स्वतः त्यांच्याशी बोलले, तेव्हा कुठे हो म्हणाले.

गेले काही महिने आमचा कॉम्प्युटर रखडत होता. एक बिल काढेपर्यंत पाहुण्यांचा चहा पिऊन व्हायचा. एके दिवशी ह्यांना स्क्रीनवर जाहिरात दिसली, तुमच्या कॉम्प्युटरची फुकट तपासणी करून देतो अशी. फुकट म्हटल्यावर आमचे हे थांबतात थोडेच? सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, पट्टी सरकली, आणि लाल अक्षरांत निकाल आला. रजिस्ट्रीत बाराशेच्या वर दोष. त्याच्याखाली, खासगी वापराच्या संशयास्पद खुणा. साफ करायचं असेल तर पैसे भरा.

रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटर आपली सगळी सेटिंग जिथे ठेवतो ती जागा. तिथलं नको ते पुसलं गेलं तर मशीन सुरूच होत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून पैसे भरू नका आणि काही पुसू नका, असा मी हट्ट धरला. तो ह्यांनी मानला. पण ती लाल अक्षरं काही त्यांच्या डोक्यातून जाईनात. खासगी वापर कुणाचा? त्या खुर्चीत दिवसभर बसतं कोण? कोमल. दुपारी कोमल जेवायला उठली की त्याच खुर्चीत बसून हे क्रिकेट बघतात, ते मात्र सोयीने विसरले.

मला न सांगता, त्या मुलीला एका शब्दाने न विचारता, ह्यांनी थेट महिपतीभाऊंना फोन लावला. तुमची मुलगी कामाच्या वेळात कॉम्प्युटरवर नको ते बघते, त्यापायी आमचं मशीन बिघडलं, मशीनमध्येच तसं आलंय, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कोमल आली नाही. तिचा फोन बंद. महिपतीभाऊंना फोन केला तर ते एवढंच म्हणाले, "तिचं काम बंद केलंय. आता तिच्यासाठी स्थळं बघतोय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठली कोण ती जाहिरात, तिच्यामागे माणूस कोण आहे तेही माहीत नाही, आणि तिच्या शब्दावर एका मुलीचं नाव खराब करायचं? ह्यांचं आपलं एकच पालुपद, अगं, मशीन कशाला खोटं बोलेल? मी म्हटलं, ज्याला पैसे हवे असतात तो कशालाही खोटं बोलायला लावेल. त्यावर हे पेपर उघडून बसले.

आठवड्याने ह्यांनी तळेगावहून नवा लॅपटॉप आणला. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. हे चष्मा पुसून सज्ज झाले, पण मी खोक्यावर हात ठेवला. बाजारात मी काही घ्यायच्या आधी रिकामा काटा बघते. पारड्यात काही नसताना तो पावशेर दाखवत असेल, तर पुढे काय तोलायचं? मी म्हटलं, आधी तुमचं ते सॉफ्टवेअर ह्याच्यावर चालवा. अजून कुणी हातही लावलेला नाही तोवर.

हे नाइलाजाने बसले. पट्टी सरकली. लाल अक्षरं आली. रजिस्ट्रीत साडेचारशे दोष. खाली खासगी वापराच्या संशयास्पद खुणा. पैसे भरा.

ह्यांनी चष्मा काढला, परत घातला. आणि म्हणाले काय, तर दुकानदाराने वापरलेला माल गळ्यात मारला! म्हणजे पोरगी लबाड, दुकानदार लबाड, आणि साधू काय तो एकटा सॉफ्टवेअरवाला. मी नुसती बघत राहिले. माझं ते बघणं ह्यांना चांगलं कळतं. थोड्या वेळाने खालच्या आवाजात म्हणाले, "उर्श्याला जायला हवं."

लॅपटॉप घेऊनच आम्ही गेलो. महिपतीभाऊंनी पडवीत सतरंजी टाकली, पण बसा म्हणाले नाहीत. लॅपटॉप नवाकोरा आहे हे सांगून ह्यांनी त्यांच्यासमोर तपासणी पुन्हा चालवून दाखवली, आणि माझी चूक झाली, तुमची मुलगी निर्दोष आहे, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं.

महिपतीभाऊंनी वाकून ती लाल अक्षरं वाचली. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हंजी ह्यो कोरा डबा बी दोषी निगाला," म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखे हसले. आत वळून त्यांनी हाक मारली, "कोमे, उद्यापास्नं जा कामाला. मिटलं समदं."

कोमल बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. ती लॅपटॉपपाशी उभी राहिली, ह्यांच्याकडे तिने बघितलंही नाही.

"आबा, मी काय केलं न्हाई, हे मी तुमाला पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "ह्या कोऱ्या डब्यात काय निगालं नसतं, तर मी खोटीच ना?"

महिपतीभाऊ सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ करायला लागले. आमचे हे लॅपटॉप मिटायला गेले, पण त्यांना तो नीट मिटेना. मग कोमलने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तिने तक्रारीने बघितलं नाही, फक्त उत्तराची वाट बघितली.

माझा संशय पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरवर होता, हे मी तिला सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण आठवडाभर मी लोणावळ्यात बसून ह्यांच्याशी भांडले होते, आणि तिच्या दारात आले ती लाल अक्षरं हातात पडल्यावरच. मी काहीच बोलले नाही, आणि ती आत निघून गेली.