पिवळा बादपा, काळा बादपा

“दार लोटू नका रे, माझी पोर बाहेर बसलीय.”

बाबांचं हे वाक्य फरंगीसच्या कानात लहानपणापासून घर करून आहे. इस्फहानच्या बाजारातला कहवाखाना, आत पुरुषांची दाटी, हुक्क्यांची गुडगुड, आणि मधोमध हातात काठी घेऊन उभे बाबा. बाबा नक्काल होते. वीरांच्या कथा उभ्यानं सांगत, आणि लोक त्यांना मुर्शिद, म्हणजे गुरू, म्हणत. मुलीबाळींना आत मज्जाव, म्हणून ती पायरीवर बसायची, त्यांचा कोट मांडीवर घेऊन. दार दोन बोटं उघडं राहायचं, आणि त्या दोन बोटांच्या फटीतून घोडे यायचे, धूळ यायची, लढाईला निघालेल्या लेकाच्या आईचा हुंदका यायचा. गोष्टीला हात घालण्याआधी बाबा काठी फरशीवर आपटत आणि म्हणत,

हसू आलं दारी, आसू त्याच्या पाठी,
दोघांचीही काठी एकच रे.

मग रात्रीच्या अजानपर्यंत कुणी जागचं हलत नसे. आणि शेवटी, गोष्ट खरोखर चढली असेल तरच, गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणे, “दमत गर्म, मुर्शिद.” तुझा श्वास ऊबदार राहो. हा शब्द काही रोज मिळायचा नाही. मिळायचा त्या दिवशी बाबा घरी जाताना तिचं बोट जरा घट्ट धरत.

आता फरंगीस स्वतः साठीला टेकली होती. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली, आणि दर गुरुवारी दुपारी अंधांच्या वाचनालयात सिनेमा सांगू लागली. पडद्यावर सिनेमा चालायचा, पात्रं बोलायची, आणि त्यांच्या बोलण्याच्या मधल्या फटींत फरंगीस माईकवरून सांगायची की कोण आलं, कोणी कुणाकडे पाहिलं, कुणाच्या हातात काय आहे. समाजसेवा म्हणून लोक कौतुक करत. खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला तो एक शब्द हवा होता. आणि तोही एकाच माणसाकडून.

तो माणूस म्हणजे आगा हशमत. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पांढरी काठी गुडघ्यांत धरून बसणारा. जवानीत तो रोज बाबांच्या कहवाखान्यात असायचा. मग लढाई आली, तो दक्षिणेला गेला, आणि परत आला तो डोळे तिकडेच ठेवून. मुर्शिदांना ऐकलेला इस्फहानात उरलेला बहुधा हा शेवटचा कान. सिनेमा संपला की बाकीचे “छान झालं, खानम” म्हणत. आगा हशमत काठी टेकत उठायचा आणि म्हणायचा, “आज चहा बरा होता.”

तीन हिवाळे हेच चाललं होतं.

अचाट ताकदीच्या महावीरांचे सिनेमे आणले तरुण पोरांनी. त्यातही बादपाचे. बादपा म्हणजे वाऱ्याच्या पायांचा. तो हवेवर पाऊल ठेवून चालतो. त्याचे सिनेमे दोन. जुन्यात तो पिवळी झूल पाठीवर टाकून येतो, मारामारी करता करता चेष्टा करतो, आणि शेवटी शहरभर ढोल वाजतात. नव्यात कुण्या दिग्दर्शकानं त्याला कोळशासारखे कपडे घातले, त्याचा भाऊ मारला, आणि त्याच्या तोंडचं हसू पुसून टाकलं.

दोन्ही दाखवले. दोन्ही पडले.

पिवळ्याच्या सिनेमात बादपाची झूल बसच्या दारात अडकते. पडद्यावर तो आपटला, धप्पकन आवाज झाला, आणि मग फरंगीसनं सांगितलं, “त्याची झूल दारात अडकली होती.” कुणी हसलं नाही. मागून तरलान म्हणाली, “खानम, तुमचा विनोद खड्यांवर भाजलेल्या कालच्या संगकसारखा येतो. भाकरी तीच, पण चावत नाही.” तरलान कायद्याचं शिकत होती, जन्मापासून आंधळी, आणि जीभ इस्फहानी, म्हणजे लिंबू पिळायला वेगळं नको.

काळ्याचा सिनेमा याहून कठीण. त्यात माणसं बोलतच नाहीत. फरंगीस सांगत राहिली, “अंधार आहे. तो उभा आहे. अजून अंधार आहे.”

“बाई,” आगा हशमत पहिल्या रांगेतून म्हणाला, “अंधार नका वाढू. तो आम्ही घरूनच आणलाय.”

त्या दुःखी सिनेमात सभागृह एवढं हसलं, जेवढं पिवळ्याला अख्ख्या सिनेमात हसलं नव्हतं. फरंगीसही हसली. घरी गेल्यावर मात्र बराच वेळ नुसती बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी चहावर दोन तट पडले. एका बाजूला तरलान, दुसरीकडे आगा हशमत, आणि मधे गझच्या मिठाईची थाळी.

“तुमच्या पिवळ्याच्या सिनेमात अख्खा पूल कोसळतो,” आगा हशमत म्हणाला, “आणि कुणाची चप्पलसुद्धा हरवत नाही. मी पूल कोसळताना ऐकलाय, पोरी. त्यानंतर ढोल वाजत नाहीत.”

“आणि तुमच्या काळ्याला भाऊ गेला म्हणून हसायची बंदी आहे? सरकारी हुकूम आहे का तसा?”

“दुःखाचा मान असतो.”

“माझी आई गेली, आगा. चाळिसाव्या दिवशी आम्ही बहिणींनी हलवा केला. तो तळाला इतका करपला की शेजारीण पाण्याची बादली घेऊन धावत आली. आम्ही तिघी पोट धरून हसलो, आणि हसता हसता रडलो. आता सांगा, आम्ही आईचा मान ठेवला की नाही ठेवला?”

आगा हशमतनं गझचा तुकडा तोंडात टाकला.

ठरलं ते असं, की येत्या गुरुवारी दोन्ही सिनेमे एका बैठकीत परत लावायचे. सभागृहानं ठरवायचं, पिवळा की काळा.

“आणि सांगणारीचाही निकाल लागेल,” आगा हशमत काठी उचलत म्हणाला. “मुर्शिदांची लेक म्हणून किती दिवस चहा बरा म्हणायचा?”

ते फरंगीसला लागलं. आठवडाभर ती दोन्ही सिनेमे पुन्हा पुन्हा लावून बसली. आधी उघड्या डोळ्यांनी, मग ओढणी डोळ्यांवर बांधून. बाबा कसं करायचे? मरणाच्या कथेत ते पहिल्याच वाक्याला सांगून टाकत, आज हा मुलगा मरणार आहे. तो हसत घोड्यावर बसे तेव्हा ऐकणाऱ्यांना ठाऊक असे, त्याला ठाऊक नसे. म्हणून तर लोक त्याच्या हसण्याला रडत. तिनं ओढणी सोडली. आपण सिनेमाच्या मागून पळत होतो. बाबा गोष्टीच्या पुढे चालत.

गुरुवार आला. सभागृहात जागा उरली नाही, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. कलिंगडाच्या बिया फोडायचा आवाज असा, की पत्र्यावर बारीक खडे पडताहेत.

आधी पिवळा. “बसचं दार उघडं आहे,” फरंगीस म्हणाली. “झूल वाऱ्यावर आहे, हळूहळू दाराकडे चाललीय. ड्रायव्हरनं बटणावर बोट ठेवलं. बादपा पोरींना सलाम करतोय. त्याला अजून काही माहीत नाही.”

सभागृह आधीच खुसखुसायला लागलं. आणि मग धप्पकन आवाज आला, अगदी वेळेवर, आणि हशा छताला जाऊन लागला. तरलाननं खुर्चीच्या हातावर ताल धरला. पहिल्या रांगेत आगा हशमत बिया फोडत होता. हसला नाही.

मग काळा. यावेळी फरंगीसनं अंधाराचं नाव घेतलं नाही. “त्याचा हात भिंतीवर आहे. भिंत ओली. बोटं सरकताहेत. बोटांना बूट लागला. एकच. नाडी त्यानंच सकाळी बांधून दिली होती, दुहेरी गाठ. गाठ तशीच आहे.”

बिया फुटायच्या थांबल्या. आधी मागच्या रांगांत, मग मधे, आणि शेवटी पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर.

बादपा गच्चीवर चढला. खाली पूल कलत होता, पुलावर माणसांनी भरलेली बस. आणि तेवढ्यात कर्ण्यातला आवाज तुटला, पंखे कण्हत थांबले. वीज गेली. उन्हाळ्यात जाते तशीच, पण आज चुकीच्या घडीला.

“दिवे पण गेले का?” कुणीतरी विचारलं. “आम्हाला विशेष फरक पडला नाही बुवा.”

“बादपानं बिल भरलं नसेल.”

“खानम,” तरलानचा आवाज, “तुम्ही पाहिलाय ना? पुढे काय?”

फरंगीसला पुढचं माहीत होतं. पुढे बस पडते. बादपा पाहत राहतो, मग पाठ फिरवतो, पाऊस लागतो, संपतं. ती तोंड उघडणार एवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हे सांगायची तिची इच्छा नाही. माईक मेलेला होता. तिनं तो खाली ठेवला आणि उभी राहिली. हात रिकामे वाटले, कुठे ठेवावेत कळेना.

समोरून काहीतरी तिच्या मनगटाला लागलं. पांढरी काठी.

“घ्या,” आगा हशमत म्हणाला. “उभ्यानं सांगायचं तर रिकाम्या हातानं सांगता येत नाही.”

तिनं काठी घेतली, फरशीवर आपटली.

“हसू आलं दारी, आसू त्याच्या पाठी, दोघांचीही काठी एकच रे.”

आणि मग तिचा आवाज भिंतीला टेकलेल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला. वर्गात गेला असता तसा नाही. कहवाखान्यात गेला असता तसा.

“काळा गच्चीवर उभा आहे. मागं पावलं वाजली. काळा म्हणाला, ‘कोण?’ ‘मीच. म्हणजे तूच. जरा जुना. रंगावर जाऊ नकोस, तेव्हा पिवळंच कापड स्वस्त होतं.’”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“‘परत जा,’ काळा म्हणाला. ‘इथे माणसं मरतात.’ ‘ठाऊक आहे, म्हणून तर आलो. माझ्या सिनेमात कुणी मरत नाही रे. तिथे माझे विनोद कुणाच्या उपयोगाचे?’ पिवळा त्याच्या शेजारी टेकला. ‘भाऊ कसा होता?’ ‘उंच.’ ‘बस, एवढंच?’ काळ्यानं खाली पुलाकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘घोरायचा.’ ‘किती?’ ‘शेजारी पोलिसांना बोलवायचे.’ आणि काळा हसला. पहिल्यांदा. हसला, आणि मग त्याला जे रडू आलं, ते दिग्दर्शकानं त्याला कधी रडू दिलं नव्हतं.”

सभागृहात कुणी हसत होतं, कुणी नाक ओढत होतं. बरेचजण दोन्ही करत होते. काठी पुन्हा आपटली.

“पूल कलला. बस घसरली. दोघे वाऱ्यावर धावले. आणि बसचं दार, लोकहो, बसचं दार उघडं आहे. झूल वाऱ्यावर आहे.”

“अडकणार!” तरलान ओरडली.

“अडकली. नेहमीसारखी अडकली. पण यावेळी झुलीचं दुसरं टोक काळ्याच्या मुठीत होतं. बस हवेत लोंबत राहिली. पिवळं कापड करकरतंय. एकेक माणूस झुलीला धरून वर आला. म्हातारी आली, पोरं आली. एका बाईची चप्पल खाली नदीत पडली.” तिनं दम घेतला. “आपल्याच नदीत. तिच्यात पाणी नव्हतं, म्हणून सापडली.”

कोरड्या झायंदे-रूद नदीच्या गावानं असा गडगडाट केला, की बाहेरच्या फाटकावरची कबुतरं उडाली. पहिल्या रांगेतही कुणीतरी हसलं, जुन्या बिजागरीसारखं, करकरत. फरंगीसनं तो आवाज कधी ऐकला नव्हता. तरी तो कुणाचा हे तिला कळलं. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. मग काठी न आपटता, हळू म्हणाली,

“सगळे उतरले. ड्रायव्हर उतरला नाही. शेवटपर्यंत बटणावर बोट ठेवून त्यानं दार उघडं धरलं होतं. दार उघडं, म्हणून झूल आत शिरून अडकली. झूल अडकली, म्हणून माणसं जगली. ढोल वाजले नाहीत. दोघे बादपा त्याच्याजवळ उजाडेपर्यंत बसले, आणि पिवळ्यानं त्या ड्रायव्हरला हळूच एक विनोद सांगितला. कोणता, ते मलाही ऐकू आलं नाही.”

मग पंखे घरघरले, कर्णा गरजला, पडद्यावर खरा सिनेमा खऱ्या पावसात पुढे सरकू लागला.

“बंद कर रे ते, इस्कंदर,” चार दिशांनी लोक यंत्रवाल्यावर ओरडले. “मधेच काय लावलंस? गोष्ट संपली की आमची.”

मग टाळ्या झाल्या. पिवळा की काळा हे विचारायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तरलान खुर्च्या चाचपत पुढे आली आणि फरंगीसच्या गळ्यात पडली. “आता जुनी भाकरी नाही म्हणणार,” ती म्हणाली. “भट्टीतून खडे चिकटून आलेली गरम संगक.”

फरंगीसचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. आगा हशमत बसून होता. ती जवळ गेली, काठी त्याच्या गुडघ्याला लावली. त्यानं ती घेतली नाही.

“राहू द्या जरा,” तो म्हणाला. “खानम, त्या कहवाखान्याचं दार आठवतं? आपसूक मिटायचं ते. बिजागरी सैल होती.”

“उघडं असायचं,” फरंगीस म्हणाली. “दोन बोटं.”

“उघडं असायचं, कारण माझा पाय असायचा त्यात. मुर्शिद म्हणायचे, माझी पोर बाहेर आहे. मी दाराशी बसायचो. थंडीत बोटं काकडायची, पण पाय काढला नाही कधी. पहिल्या गुरुवारी तुमचा आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं मी, पायरीवरची ती. पण तेव्हाच दाद दिली असती, तर ती तुमच्या बापाची झाली असती. तुमची नाही.” त्यानं चेहरा तिच्याकडे वर केला. “म्हणून दात आवळून चहाचं सांगत राहिलो. चहा तर बाई, कधीच बरा नव्हता.”

फरंगीसनं काठी दोन्ही हातांनी धरली.

“दमत गर्म,” आगा हशमत म्हणाला, “दमत गर्म, मुर्शिद.”